दोन काठांमधला ढग

चैत्राली टिकम आंबेडीला सून म्हणून आली, तेव्हा तांबवी खाडीत तिसऱ्या जवळजवळ संपल्या होत्या. नव्या सुनेला तिसऱ्यांचं सुकं खिलवायचंच, असं तिच्या सासूने, वैजयंतीबाईंनी मनावर घेतलं होतं. त्या ओहोटीच्या पाण्यात गुडघाभर उभ्या राहिल्या, पायाच्या बोटांनी तळ चाचपत राहिल्या आणि अखेर ओंजळभर शिंपले घेऊन घरी आल्या. वाटीभर सुकं झालं. सगळं त्यांनी सुनेच्या ताटात वाढलं आणि स्वतः डाळभात जेवल्या. त्या दिवसापासून चैत्रालीचं आणि सासूचं जमलं ते जमलंच.

चैत्रालीला खाडी नवी नव्हती. तिचं माहेर खारशी, समोरच्याच काठावर. अंगणात उभं राहिलं की माहेरच्या घराचं छप्पर दिसे. तिचा नवरा प्रणित दोन्ही गावांमध्ये बॅटरीवर चालणारी तर, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी, चालवायचा. लग्न जमलं तेही त्या तरीवरच. दोन्ही गावांतल्या बायका ओहोटीला खाडीत उतरायच्या, वाटेल तिथे शिंपले काढायच्या. खाडीत जो उभा, त्याची खाडी, एवढाच नियम होता आणि तो कुणी कधी बोलूनही दाखवला नव्हता.

मग तिच्या लग्नाआधीची काही वर्षं वाळूउपशाची गेली. यंत्रांनी तळ खरवडला, त्याबरोबर तिसऱ्याही गेल्या. उपशावर बंदी आली, तळ पुन्हा भरला, पण तिसऱ्या परतल्या नाहीत. असं का, ते सांगायला डॉ. फरीदा मुकादम आल्या. त्या एका सागरी संशोधन केंद्रातून आल्या होत्या. स्वतः कोकणातल्याच, त्यामुळे तिसऱ्या कशा लागतात हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शाळेच्या सभागृहात त्यांनी दोन्ही गावांना बोलावलं. टेबलावर पुरुषभर उंचीची काचेची नळी पाण्याने भरून उभी केली होती. तिसरीचं बी म्हणजे काय, तर खसखशीच्या दाण्याहूनही बारीक शिंपला, असं त्या म्हणाल्या. उबवणी केंद्रात ते लाखांनी तयार करता येतं. अडचण होती ती पेरण्याची.

त्यांनी चिमूटभर बी पाण्यावर भुरभुरवलं. दाणे सुटे सुटे झाले आणि इतक्या सावकाश खाली निघाले की मागच्या बाकावरची मंडळी कंटाळून बोलायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, खाडीत हेच होतं. एकटा दाणा तळाला पोचेपर्यंत ओहोटी त्याला मुखापर्यंत ओढून नेते, वाटेत मासे खातात, उरलेला समुद्रात हरवतो.

मग त्यांनी तेवढंच बी ओल्या मातीच्या पातळ लगद्यात कालवून एका छोट्या नळीतून एकदम पाण्यात सोडलं. या वेळी दाणे सुटे झाले नाहीत. करड्या रंगाचा एक गोळा झाला, ढगासारखा, आणि तो झपाझप खाली निघाला. मागच्या बाकावरची मंडळी उठून पुढे आली.

प्रत्येक दाणा खाली जाताना जवळचं थोडं पाणी आपल्याबरोबर खाली ओढतो, असं डॉक्टरांनी समजावलं. एकट्या दाण्याने ओढलेलं पाणी कुणाच्याच कामाला येत नाही. पण शेजारी हजारो दाणे असले, की एकाने ओढलेल्या पाण्यावर दुसरा स्वार होतो, दुसऱ्याने ओढलेल्यावर तिसरा. दाणे सुटेच असतात, एकमेकांना चिकटलेले नसतात, तरी सगळा ढग एका जड थेंबासारखा पडतो. काही अंतर गेल्यावर तो मधून पोकळ होतो, त्याचं कडं बनतं. कडं ताणलं जातं, तुटतं, आणि त्याचे लहान लहान ढग होतात. ते आणखी तुटले की पुन्हा सुटे दाणे. म्हणजे ढग तुटायच्या आत तळ आला पाहिजे.

नळीत तसंच झालं. ढग तळाशी पोचला तेव्हा त्याचं कडं नुकतंच फुगू लागलं होतं. ते अलगद वाळूवर बसलं आणि वाळूवर बांगडीएवढं वर्तुळ उमटलं.

ढगांचं हे वागणं शास्त्रज्ञांना खूप आधीपासून ठाऊक होतं. नवं होतं ते गणित. हजारो दाण्यांपैकी प्रत्येक दाणा बाकी सगळ्यांना ढकलत असतो, आणि वाहत्या खाडीत हा हिशेब आयत्या वेळी करणं पूर्वीच्या संगणकांना झेपत नव्हतं. शिवाय खाडीत वर गोडं पाणी आणि खाली जड खारं पाणी असे थर असतात. ढगाने वरून ओढून आणलेलं गोडं पाणी त्या खाऱ्या थरावर अडतं आणि ढग मध्येच पसरतो. डॉक्टरांच्या यंत्राला प्रवाह, खारेपणा, खोली सगळं कळत होतं. त्यावरून किती दाट ढग, किती मोठा, कोणत्या क्षणी सोडायचा, हे ते ठरवत असे. अंगणाएवढ्या जागेत बी नेमकं पडेल, अशी त्यांची खात्री होती.

यंत्र आलं तेव्हा ते पत्र्याचं, गोल, झाकणाचं आणि आतून भोकाभोकांच्या ताटल्यांचं निघालं. वैजयंतीबाईंनी त्याला मोदकपात्र म्हटलं आणि पुढे कुणीच दुसरं नाव वापरलं नाही, डॉक्टरसुद्धा.

मोदकपात्र चालवायला स्थानिक माणूस हवं होतं. चैत्राली आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली होती आणि होडी तिला लहानपणापासून येत होती. तिला काम मिळालं. पहिल्या हंगामात धक्का आंबेडीकडे होता म्हणून बीही आंबेडीच्याच काठाला सोडलं गेलं. त्यात कुणी काही ठरवलं नव्हतं. चैत्रालीने होडी नांगरली, पडद्यावरची हिरवी रेघ जागेवर येण्याची वाट बघितली आणि कळ दाबली. होडीखालून ढगामागून ढग गेले. पाणी इतकं गढूळ की वरून काहीच दिसलं नाही, पण पडद्यावर एकेक करडा ठिपका खाली जाऊन वर्तुळ होऊन टेकताना दिसला, तेव्हा तिला हसू आवरेना.

वर्ष सरता सरता तिसऱ्या आल्या. आणि त्यांच्याबरोबर दोरीही आली.

दोरी कुणी लावली हे नीट कळलं नाही. एका सकाळी आंबेडीच्या काठाजवळ बांबू रोवलेले दिसले आणि त्यांना निळी नायलॉनची दोरी बांधलेली. आंबेडीच्या बायकांचं म्हणणं सरळ होतं. बी आपल्या काठाला पडलं, राखण आपण केली, मग शिंपले आपले. खारशीच्या बायकांचंही सरळ होतं. खाडी कधी कुणाची होती?

चैत्रालीची थोरली बहीण मयूरी खारशीतच दिलेली होती. ती नेहमीसारखी टोपली घेऊन तरीने आली, नेहमीसारखी पाण्यात उतरली. दोरीपाशी वैजयंतीबाई उभ्या होत्या. त्यांनी मयूरीला पलीकडे जायला सांगितलं, आवाज न चढवता सांगितलं, पण सगळ्यांसमोर सांगितलं. मयूरीने बहिणीकडे बघितलं. चैत्राली काठावर यंत्र पुसत होती. ती पुसतच राहिली.

मयूरी रिकामी टोपली घेऊन परत गेली आणि त्यानंतर तिने बहिणीशी बोलणं टाकलं. आई फोनवर बोलायची, पण तीही हवापाण्याचं. घरी वैजयंतीबाई म्हणाल्या की मलाही ते बरं वाटलं नाही, पण एकीला सोडलं की पन्नासजणी येणार. चैत्रालीला सासूचा राग आला होता आणि सासू चूक आहे असंही म्हणता येत नव्हतं. प्रणितच्या तरीच्या खेपा रिकाम्याच व्हायच्या. समोरच्या गावाला जायला लोकांना कारणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या हंगामात उबवणी केंद्रात रोग आला आणि बी निम्म्याहूनही कमी निघालं. दोन काठांना वाटलं तर कुठेच दाट बसणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. तिसऱ्या विरळ असल्या की त्यांची अंडी आणि नरांचं बीज पाण्यात एकमेकांना गाठत नाहीत आणि पुढची पिढी होत नाही. उपशानंतर तिसऱ्या परतल्या नव्हत्या त्या याचमुळे. तेव्हा एक जागा निवडायला हवी होती.

दोन्ही गावांची बैठक झाली. आंबेडी म्हणाली, आमच्याकडे जम बसलाय, तो मोडू नका. खारशी म्हणाली, तुमचं एकदा झालं, आता पाळी आमची. दुपार उलटली, चहा दोनदा झाला, निर्णय झाला नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं की यंत्र चैत्रालीच्या हातात आहे, ती दोन्ही गावांची आहे, तिलाच ठरवू दे. सगळ्यांना ते एकदम पटलं. प्रत्येकाला खात्री होती की ती आपल्याच बाजूने ठरवणार.

पुढचे दिवस चैत्रालीचे वाईट गेले. भाजीवालीपासून अंगणवाडीच्या बाईपर्यंत सगळ्या तिला आपुलकीने काहीतरी सांगून जात. वैजयंतीबाई एरवी स्पष्टवक्त्या, पण त्याही गप्प होत्या आणि सुनेच्या आवडीचे पदार्थ करत होत्या. ते जास्त अवघड होतं. तिने प्रणितला विचारलं. प्रणितने बराच विचार केला आणि सांगितलं की तू कुठेही टाकलंस तरी मला जेवायला याच घरात यायचंय आणि तर समोरच्या काठाला लावायचीय, म्हणून मला विचारू नकोस. तिने डॉक्टरांनाही विचारलं. डॉक्टर म्हणाल्या की दोन्ही काठ शास्त्राच्या दृष्टीने सारखे चांगले आहेत, आणि उरलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पडद्यावर येत नाही.

बी सोडायच्या सकाळी दोन्ही काठांवर माणसं उभी होती. आंबेडीच्या बाजूला सासू. खारशीच्या बाजूला आई, आणि आईपासून थोडी दूर मयूरी. चैत्राली होडी घेऊन निघाली. आंबेडीची जागा आली, ती थांबली नाही. खारशीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग खाडीच्या बरोबर मध्यावर तिने नांगर टाकला.

कानातल्या यंत्रातून डॉक्टरांचा आवाज आला. त्या धक्क्यावर बसून सगळं बघत होत्या.

"चैत्राली, तिथे खोली फार आहे. ढग अर्ध्यावर तुटेल."

"तुटला तर बी मरेल का?"

"मरणार नाही. पाणी आत्ता स्थिर आहे, तुटलेले ढगही तळाला जातील. पण तिथे डोक्यावरून पाणी असतं, ओहोटीलासुद्धा. कुणाच्याच पायाला ते लागणार नाही."

"मग कुणी भांडणार पण नाही," चैत्राली म्हणाली आणि तिने कळ दाबली.

पडद्यावर ढग खाली गेले. मध्यावर त्यांची कडी झाली, कडी ताणली गेली, तुटली. एकाचे दोन, दोनाचे पाच असे लहान ढग वेगवेगळ्या दिशांना सरकत अंधाऱ्या तळाकडे उतरले. अंगणाऐवजी एखाद्या मळ्याएवढ्या जागेवर ते पसरले. चैत्राली ते बघत बसली. आपण शहाणपणा केला की नुसती पळवाट काढली, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. बहुतेक पळवाटच होती.

दुपारी प्रणितची तर कित्येक महिन्यांनी भरून आली. खारशीच्या बायका चैत्रालीला जाब विचारायला निघाल्या होत्या. धक्क्यावर आंबेडीच्या बायका त्याच कामासाठी जमलेल्या होत्या. दोन्ही घोळके एकत्रच टिकमांच्या अंगणात आले. एकीने सुरुवात करावी, दुसरीने वाक्य पुरं करावं, असं चाललं. बी फुकट घालवलं, पोरकटपणा केला, शिकून काय उपयोग, असं सगळं बोलून झालं. बोलणाऱ्यांत सगळ्यात पुढे मयूरी होती.

"अक्कल आहे का गो तुला?" ती म्हणाली. "एवढं बी पाण्यात घातलंस. आमच्याकडे नको तर नको, यांच्याकडे तरी टाकायचंस. कुणाच्या तरी पोटात गेलं असतं."

चैत्रालीला रडू आलं, पण ते ओरडा खाल्ल्यामुळे नव्हतं. बहीण इतक्या महिन्यांनी बोलत होती. वैजयंतीबाईंनी ते बरोबर ओळखलं. त्या आत गेल्या, मोठं पातेलं चुलीवर ठेवलं आणि एवढ्या जणी उन्हातून आल्यात तर चहा घेऊनच जा म्हणाल्या. मग चहा होईपर्यंत बसावं लागलं, आणि बसल्यावर बाकीच्या गोष्टी निघाल्या. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं होतं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. या काठाला त्या काठाचं काहीच कळलेलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस फार झाला. डोंगरावरून तांबडं पाणी आठवडेच्या आठवडे वाहत राहिलं आणि खाडी गोडी झाली. तिसरीला थोडं खारं पाणी लागतंच. आंबेडीच्या काठाला दोरीच्या आत ज्या तिसऱ्या होत्या, त्या तोंडं उघडून मेल्या. पाणी ओसरल्यावर पांढऱ्या शिंपांचा नुसता खच पडला. वैजयंतीबाई स्वतः पाण्यात गेल्या आणि त्यांनी बांबू उपटून आणले. दोरी त्यांनी कपडे वाळत घालायला घेतली.

डॉक्टर मुकादम पाणबुडा कॅमेरा घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. प्रकल्प बंद करायचा अहवाल लिहायची त्यांनी तयारी केली होती. केवळ नोंद पुरी व्हावी म्हणून त्यांनी कॅमेरा मध्यावर सोडला. चैत्राली त्यांच्या शेजारी बसली होती. पडद्यावर बराच वेळ गढूळ अंधार दिसला, मग तळ आला, आणि तळावर जिकडे तिकडे बारीक छिद्रांच्या जोड्या दिसल्या. वाळूत गाडून घेतलेली तिसरी पाणी ओढायला आणि सोडायला अशी दोन नळ्या वर काढते, त्याची ती छिद्रं होती. मोजता येणार नाहीत इतकी.

डॉक्टरांनी कॅमेरा मागे नेला, पुढे नेला, सगळीकडे तेच. खारेपणा मोजायची तार त्यांनी खाली सोडली आणि आकडा बघून त्या एकदम मोठ्याने हसल्या. पुराचं गोडं पाणी वरूनच वाहून गेलं होतं. खोल तळाशी जड खारं पाणी तसंच दबून राहिलं होतं. मध्यावरच्या तिसऱ्यांना पूर आल्याचं कळलंही नव्हतं.

"मी फक्त बी कुठे टेकेल याचा हिशेब केला," डॉक्टर म्हणाल्या. "टेकल्यावर त्याचं पुढे काय होईल, याचा केलाच नाही."

"मी तर कशाचाच केला नव्हता," चैत्राली म्हणाली.

पुढचा हिशेब डॉक्टरांनीच केला. तिथल्या तिसऱ्यांना कुणी काढत नव्हतं, त्यामुळे त्या पूर्ण वाढणार होत्या. बी पसरलं होतं, पण जवळजवळ सगळं जगलं होतं, त्यामुळे त्या इतक्या दाट होत्या की त्यांची अंडी आणि बीज एकमेकांना नक्की गाठणार होती. आणि भरतीचं पाणी मध्यावरून दोन्ही काठांना पसरतं. म्हणजे बी आता आपल्या पायांनी काठाला जाणार होतं. किती जाईल हे मात्र त्यांना सांगता येईना. थांबून बघा, एवढंच त्या म्हणाल्या. मध्यावर जाळं किंवा फावडं टाकू नका, अशी विनंती त्यांनी दोन्ही गावांना केली. त्यावर पहिल्यांदाच बैठक चहाच्या आत संपली.

थंडी सरता सरता एका ओहोटीला मयूरीच्या पायाला पहिली तिसरी लागली. अंगठ्याच्या नखाएवढी होती. ती तिने पुन्हा वाळूत दडपली आणि तरीची वाटही न बघता काठावरून फोन केला. फोन वैजयंतीबाईंनी उचलला. चैत्राली आंघोळीला गेली होती. दोघींचं काय बोलणं झालं ते चैत्रालीला कळलं नाही, पण ती बाहेर आली तेव्हा सासूबाई लुगड्याचा काष्टा मारून खाडीकडे निघाल्या होत्या. तासाभराने त्या परतल्या. आपल्याही काठाला आहेत, एवढंच सांगून त्या भाजी निवडायला बसल्या, आणि भाजी निवडता निवडता गुणगुणत होत्या.

पुढच्या हंगामात दोन्ही काठांना टोपल्या भरल्या. कोणती तिसरी कुणाची, हे सांगायची सोयच नव्हती. एका रविवारी खारशीच्या बायकांना आंबेडीने जेवायला बोलावलं. वैजयंतीबाईंनी परातभर सुकं केलं आणि मयूरीला आग्रह करकरून वाढलं. मयूरीने तीनदा घेतलं. दोरीचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

मोदकपात्राचं तांबवीतलं काम संपलं. ते दक्षिणेच्या दुसऱ्या एका खाडीत न्यायचं होतं, आणि डॉक्टरांनी चैत्रालीला बरोबर बोलावलं. महिनोन्‌महिने घराबाहेर राहावं लागणार होतं. ती सासूशी कसं बोलावं या विचारात होती, तोवर प्रणितने ते आईला सांगूनही टाकलं होतं. वैजयंतीबाई म्हणाल्या, जा. माणसं भांडकी असतील, तुला सवय आहे.

नव्या खाडीच्या काठावर एका मंदिराच्या ओवरीत बैठक भरली होती. तिथेही दोन काठ, दोन गावं. आंबेडी-खारशीची गोष्ट त्यांच्या कानावर आधीच गेली होती. त्यामुळे दोन्ही गावांचे पुढारी अगदी समंजसपणे म्हणाले की आमचं काही भांडण नाही, तुम्ही आपलं मध्यावर टाका.

चैत्रालीने सकाळीच होडीतून तळ बघून घेतला होता.

"मध्यावर खडक आहे," ती म्हणाली. "तिथे तिसरी रुजणार नाही. काठच निवडावा लागेल."

ओवरीत कुजबुज सुरू झाली. लोक दोन बाजूंना सरकून बसू लागले. डॉक्टरांनी काळजीने तिच्याकडे बघितलं. चैत्राली उठली, दोन्ही घोळक्यांच्या मधे मोकळी झालेली जागा तिने बघितली आणि तिथेच सतरंजीवर मांडी घालून बसली.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "पण आधी चहा सांगा. आणि बायकांना बोलवा, खाडीत त्याच उतरतात."